मुठीतली शीळ

१

मखमली पेटी जागेवर होती. तिच्यात घड्याळ नव्हते.

माझा भाचा सकाळी आईच्या कपाटातून औषधाची चिठ्ठी काढायला गेला. पेटी बाजूला सारताना ती हातात फार हलकी लागली, म्हणून त्याने उघडून पाहिली. आत फक्त गोल खळगा होता. ताईच्या यजमानांचे सोन्याचे मनगटी घड्याळ. पट्टा केव्हाच तुटला होता. पण यजमान गेल्यापासून ताई रोज दुपारचे जेवण झाले की घड्याळाला किल्ली द्यायची, आणि ते बिचारे चालत राहायचे.

"मामा, ताबडतोब या," भाचा फोनवर म्हणाला. "चोर सापडलाय. फक्त आईजवळ कुणीतरी आपलं माणूस हवं."

मला कुणी तातडीने बोलावले की मी आधी घाबरतो. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रिते तपासली. दुसऱ्याची चूक दिसली की समासात बारीक खूण करायची आणि कागद पुढे सरकवायचा, एवढीच माझी मर्दुमकी. कुणाच्या तोंडावर 'हे चुकलंय' म्हणायची वेळ आली की मी चष्मा पुसत बसतो.

दाराबाहेर, जिन्याच्या चौकात, मावशी एका स्टुलावर बसलेली होती. ताईची देखभाल करायला ती रोज सकाळी यायची आणि ताईला झोपवूनच जायची. पिशवी मांडीवर होती. पिशवीतले सगळे बाहेर काढून पुन्हा कोंबलेले दिसत होते. रुमालाचे टोक लोंबत होते.

"मामा, मी नाही हो घेतलं," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो. मग वाटले, हे 'हो' काही पुरेसे नाही. पण तेवढ्यात भाच्याने दार उघडले.

"तिच्याशी बोलू नका. हिला कामाला पाठवणाऱ्या ब्यूरोच्या बाई येतायत दुपारी. त्या हिला घेऊन जातील, आणि नाव कमी करतील."

"नाव कमी केलं की?"

"की काय? दुसरं कुठलं घर घेणार नाही. घेऊच नये."

"पण तिनेच घेतलं हे कशावरून?"

भाच्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी चुकीच्या पानावर खूण केली होती.

"आईने सांगितलं. मी तिला सरळ विचारलं, आई, मावशींनी घेतलं ना? तिने मान डोलावली. एकदा नाही, दोनदा."

मी आत गेलो. ताई खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसली होती. दोन्ही कानांत ऐकण्याची यंत्रे नीट घातलेली. तिची नजर अलीकडे फार अधू झाली आहे. माणूस अगदी जवळ गेला तरच ओळखते. माझा हात चाचपून ती हसली. मग मान वळवून तिने दाराकडे पाहिले.

"आज मावशी आली नाही का रे? तिच्याशिवाय चहाला चव नाही बघ."

भाच्याने माझ्याकडे बघत कपाळाजवळ बोट फिरवले. "बघा. सकाळी काय सांगितलं तेही विसरली."

मला मात्र ते विसरण्यासारखे वाटले नाही. जिला चोर म्हणून दाखवले, तिच्या हातच्या चहासाठी कुणी इतके हळहळेल?

२

ताईच्या कानांतली यंत्रे नवी होती. जुन्यांना हरभऱ्याएवढे सेल लागत आणि ते बदलताना हमखास कोचाखाली जात. ही नवी चार्जिंगची. दिवसभर कानांत, रात्री छोट्या डबीत. डबीची वायर प्लगला लावायची, दिवा लुकलुकला की चार्ज होत आहेत असे समजायचे.

यंत्रे आली आणि घराची रीतच बदलली. पूर्वी सगळे ताईच्या देखत तिच्याविषयी खुशाल बोलत. आता कुजबुजत. सूनबाई म्हणायची, "भिंतींना कान असतात म्हणतात, आमच्याकडे आईंना आलेत." हे ती हसून म्हणायची, पण म्हणायची हळू.

आजही ती मला स्वयंपाकघरात नेऊन कानाशी बोलली.

"मामा, मला काही पटत नाही. मावशी तशी नाही. पण आईंनी स्वतःच होकार दिल्यावर मी काय बोलू?"

"काल दुपारी घरात कोण होतं?"

"आम्ही दोघं ऑफिसात. मावशी दुपारी घरी जाऊन येते. आई झोपतात तेव्हा. माझा भाऊ होता, पण तो त्याच्या खोलीत. घराची किल्ली मावशीकडेही असते ना... म्हणून हे म्हणतात, ती मधेच परत आली असेल."

"आज ताईच्या कानांत यंत्रं कुणी घातली?"

"मीच. मावशीला यांनी आत येऊच दिलं नाही. डबीतून काढली आणि घातली. का हो?"

"काही नाही," मी म्हणालो. खरेच तेव्हा काही नव्हते.

तिचा धाकटा भाऊ, म्हणजे भाच्याचा मेव्हणा, बैठकीत सोफ्यावर होता. गेले काही दिवस तो इथेच राहत होता. फोनच्या चार्जरपासून पॉवर बँकेपर्यंत सगळे दुकानादुकानांत विकायचे काम करायचा. चांगला उंच, बोलका, पायांत घरातही सपाता. त्याचा फोन भिंतीच्या प्लगला लावलेला होता, आखूड पांढऱ्या वायरीने. वायरीच्या टोकाशी लाल दोऱ्याची गाठ होती. समोरच्या टेबलावर विटेएवढी काळी पॉवर बँक पडली होती.

"माझी बॅगसुद्धा तपासा म्हटलं मी भावजींना," तो मला म्हणाला. "उगीच एकट्या बाईवर अन्याय नको. तपासली. सगळी उपसली."

"चांगलं केलंत. सकाळी ताईला विचारायचं कुणी सुचवलं?"

"मीच की! म्हटलं, त्यांची वस्तू, त्यांनाच विचारा. फक्त रिकामी पेटी दाखवू नका, धक्का बसेल. प्रेमाने विचारा."

विचारी मुलगा, मला वाटले. आम्ही बोलत असतानाच ताई भिंतीला धरत धरत बैठकीत आली. सूनबाईने तिला खुर्चीत बसवले. ताई त्याच्याकडे वळून म्हणाली, "ठेवलंस ना रे जागेवर?"

"हो हो, ठेवलं!" तो म्हणाला आणि जोरजोरात मान हलवली. मग मला म्हणाला, "चष्म्याचं घर विचारतायत."

ताई समाधानाने मागे रेलली. चष्म्याचे घर तिच्या मांडीवर होते.

तो ताईच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर उभा होता. तिथूनच, नेहमीच्या मोकळ्या आवाजात, तो पुढे म्हणाला, "खरं सांगू का मामा, म्हाताऱ्या माणसांच्या शब्दावर किती विसंबायचं? आज एक सांगतील, उद्या भलतंच नाव घेतील. डोकं चालत नाही त्यांचं."

सूनबाईने डोळे वटारले. तिने ओठांवर बोट ठेवून ताईकडे खूण केली.

ताई हसत होती.

३

मी चहाचा कप घेऊन जिन्यात गेलो. भाच्याने भुवया उंचावल्या, पण पाणी पाजणे नि चहा देणे याला बोलणे म्हणत नाहीत, एवढा आधार मला होता.

मावशीने कप घेतला, पण प्यायली नाही.

"आजींना आज कानातलं कुणी घातलं?"

"सूनबाईंनी."

"शीळ ऐकली का त्यांनी?"

"कसली शीळ?"

तिने उजव्या हाताची मूठ वळून माझ्यापुढे धरली. "यंत्र कानात घालायच्या आधी असं मुठीत धरायचं. चालू असलं की आतल्या आत शीळ वाजते. दुकानातल्या माणसाने सगळ्यांना दाखवलं होतं. बाकीचे विसरले, मी रोज करते. आजी हसतात मला. म्हणतात, पोपट पाळलायस का मुठीत?"

तिने मूठ पदराआड घेतली. मी जिन्याच्या पायरीकडे बघत राहिलो.

"काल रात्री डबीत ठेवलीत तेव्हा?"

"दोन्ही पार बसायला आली होती. उजवं तर संध्याकाळच्या चहालाच बसलं. मला कळत नाही मामा, हल्ली उजवं रोज आधीच संपतं. दोन्ही एकाच वेळी कानात, एकाच वेळी डबीत, मग त्यालाच काय धाड भरते?"

माझे कान तापले. त्याचे कारण मला ठाऊक होते.

ताईला पुस्तक वाचता येईनासे झाल्यापासून मी तिला रोज दुपारी फोनवरून वाचून दाखवतो. तिच्या फोनचा आवाज थेट उजव्या यंत्रात येतो. फोन उशाशी पडलेला असतो आणि ती डोळे मिटून ऐकते. बघणाऱ्याला वाटावे, झोपली. फोनचे बोलणे ऐकवायला यंत्राची बॅटरी जास्त खर्च होते, म्हणून उजवे आधी बसते. ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. मीच ताईला बजावले होते. माझे वाचन काही फार चांगले नाही. उगीच कुणी ऐकायला बसले असते.

म्हणजे काल दुपारी ताई झोपलेली नव्हती. आणि मला आठवले, एका परिच्छेदाच्या मध्यावर ती म्हणाली होती, "थांब जरा." मी थांबलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "काही नाही. वाच पुढे." मला वाटले, माझा आवाज तिला कंटाळवाणा झाला असेल.

"मावशी, डबी रात्री प्लगला लावली होती ना?"

"लावली म्हणजे? दिवा लुकलुकताना बघून मग निघाले. सगळ्यांच्या फोनला तीच वायर चालते, म्हणून कुणी नेऊ नये यासाठी मी आमच्या वायरीला खूण बांधलीय."

"कसली खूण?"

"लाल दोऱ्याची गाठ."

४

मी आत आलो. ताईच्या खोलीत जाऊन पाहिले. डबी फळीवर होती, वायर नव्हती, दिवा विझलेला.

आता हे कुणाला तरी सांगायला हवे होते, आणि सांगणारा माझ्याशिवाय दुसरा नव्हता. मी दोनदा पाणी प्यायलो. एक विचार असाही आला, की भाच्याला चिठ्ठी लिहून द्यावी आणि घरी जावे. पण दाराबाहेर स्टुलावर तो भरलेला कप गार होत होता.

बैठकीत सगळे होते. भाचा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

"एक... एक विचारू का ताईला? सगळ्यांसमोर?"

"पुन्हा कशाला, मामा?"

"एकदाच."

मी ताईच्या खुर्चीपाशी उभा राहिलो. ओठ दिसू नयेत म्हणून टेबलावरचे एक पुस्तक तोंडापुढे धरले आणि स्पष्ट आवाजात म्हणालो, "ताई, घड्याळ मीच चोरलं ना?"

पुस्तकाची सावली तिच्यावर पडली असावी. तिने माझ्याकडे पाहिले, हसली आणि मान डोलावली.

"मामा!" भाचा म्हणाला.

"घड्याळ तुझ्या मुलानेच चोरलं ना?"

ताईने मान डोलावली.

"खिडकीतून कावळा आला आणि त्याने नेलं ना?"

याही वेळी तिने अगदी प्रेमाने मान डोलावली, वर म्हणाली, "हो रे, हो."

सूनबाईने तोंडावर हात ठेवला. भाच्याने ताईपुढे वाकून हाक मारली. "आई! आई, ऐकू येतंय का तुला?" ताईने त्याच्या गालावरून हात फिरवला. "हो बाळा," ती म्हणाली, "जेवले मी."

ताई आमच्याकडे आळीपाळीने बघत, हसतच राहिली. ते हसू बघवत नव्हते. ऐकू न येणाऱ्या माणसाची ती जुनी ढाल आहे: समोरचा बोलायचा थांबला की मान डोलवायची. म्हणजे कुणाचा खोळंबा होत नाही, कुणी चिडत नाही.

"यंत्रं आहेत की कानात," भाचा म्हणाला.

"आहेत. पण त्यांत जीव नाही. रात्रभर डबीला वायरच नव्हती." मी भिंतीकडे बोट केले. "वायर ती तिथे आहे. लाल दोऱ्याची."

मेव्हणा हसला. "अरे हो! काल माझी सापडेना, म्हणून उचलली. मला काय माहीत कशाची? सॉरी, सॉरी." त्याने फोन काढला आणि वायर माझ्या हातात दिली. "पण मामा, आईंना ऐकू आलं नाही, यावरून मावशीने घेतलं नाही, असं कुठे होतं?"

ते बरोबर होते.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. सगळ्यांनी वळून पाहिले. ताई सोडून.

५

ब्यूरोच्या बाई कडक इस्त्रीच्या साडीत होत्या आणि त्यांना वेळ नव्हता.

"तक्रार लेखी आहे ना? मग मी तिला घेऊन निघते. घराने तक्रार केली की नाव कमी. आमचा नियमच आहे."

"अर्धा तास," मी म्हणालो.

"काय?"

"अर्धा तास बसा. दुकानदार म्हणाला होता, अर्धा तास चार्ज केलं तरी दुपार निघते. माझ्या बहिणीला एकदा ऐकू येऊ द्या, मग विचारा. रिकामी पेटी दाखवूनही ती बोलेल. पण तिने काही सांगितलं तर तुम्ही म्हणाल, डोकं चालत नाही. तिला प्रश्न ऐकू आला पाहिजे. तिने उत्तर दिलं पाहिजे."

"अहो, मला आणखी दोन घरं—"

"बसा," मी म्हणालो. माझा आवाज इतका मोठा झाला की मीच दचकलो. बाई बसल्या.

मी ताईच्या कानांतून यंत्रे काढली, डबीत ठेवली, डबी टेबलावर आणून प्लगला लावली. दिवा लुकलुकू लागला. ताईखेरीज पाच माणसे त्या मुगाएवढ्या दिव्याकडे बघत बसली. सहावी जिन्यात होती.

"मी जरा खाली जाऊन येतो," मेव्हणा म्हणाला आणि टेबलावरची पॉवर बँक उचलू लागला.

"त्यापेक्षा बसा ना," मी म्हणालो. "मला एक समजत नाही, ते तुम्हीच सांगाल. मी या विषयात अगदीच अडाणी आहे. तुमच्यासमोर एवढी मोठी पॉवर बँक. तुम्ही ती विकता. मग स्वतःचा फोन दुसऱ्याची वायर आणून भिंतीला कशाला लावलात?"

"ती डिस्चार्ज आहे."

"मग तिलाच चार्जिंगला का नाही लावली?"

तो हसला, पण उशिरा.

आता थांबलो असतो तर पुन्हा बोलू शकलो नसतो. म्हणून मी सतरंजीच्या नक्षीकडे बघत सगळे एका दमात सांगितले.

"सकाळी तुम्ही म्हणालात, आईंनाच विचारा. थोड्या वेळाने म्हणालात, आईंच्या शब्दावर विसंबू नका. एकाच माणसाची दोन मतं का? सकाळी तिला ऐकू येणार नाही हे ठाऊक होतं. पण हे कायमचं टिकणार नाही, हेही ठाऊक होतं. रिकामी पेटी तिला दाखवू नका म्हणालात. दाखवली असती तर न ऐकताही ती बोलली असती. आणि या घरात यंत्रं आल्यापासून तिच्यासमोर कुणी मोठ्याने वाकडं बोलत नाही. सूनबाई स्वयंपाकघरातसुद्धा कुजबुजते. तुम्ही तिच्या खुर्चीशी उभं राहून म्हणालात, हिचं डोकं चालत नाही. इतका निर्धास्त कोण असेल? यंत्रं बंद आहेत हे ज्याला माहीत आहे, तोच."

"हे सगळे तर्क झाले," तो म्हणाला.

"हो. माझे तर्क नेहमीच कच्चे असतात. म्हणून तर अर्धा तास मागितला."

भाचा उठला, सोफ्यावर मेव्हण्याच्या शेजारी जाऊन बसला आणि पॉवर बँकेवर हात ठेवून राहिला.

६

"मावशीला आत बोलवा," अर्धा तास होताच मी म्हणालो. "हे काम तिचं आहे."

मावशी आत आली ती अंग चोरून. कुणाकडे न बघता तिने डबी उघडली. उजवे यंत्र मुठीत धरले. मग मूठ माझ्या कानाशी आणली.

"ऐकली ना शीळ?"

मी मान डोलावली.

"वाजतंय की चांगलं," ब्यूरोच्या बाई लांबून म्हणाल्या.

मावशीने दोन्ही यंत्रे ताईच्या कानांत घातली. ताईने डोळे मिटले, उघडले. पंख्याकडे पाहिले. "अगं बाई," ती म्हणाली. "पंखा वाजतोय." मग मावशीचा हात घट्ट धरला. "आलीस होय तू! मला वाटलं, कानच गेले आता कायमचे."

"आई, मग बोलली का नाहीस?" भाच्याने विचारले.

"काय बोलू? एवढं महागाचं आणलंस. चार महिने झाले नाहीत तर पुन्हा तोंड वर करून सांगू, की ऐकू येत नाही? म्हटलं, निभवून न्यावं."

भाच्याने रिकामी पेटी तिच्या मांडीवर ठेवली. "आई, बाबांचं घड्याळ. मावशींनी घेतलं का?"

ताईने पेटी चाचपली. खळग्यात बोट फिरवले. यावेळी तिची मान डोलली नाही.

"मावशीने? कोण म्हणतं?"

"तूच म्हणालीस सकाळी."

"मी?" ती इतकी ताठ बसली की खुर्ची करकरली. "मी मावशीचं नाव घेतलं? अरे, काल दुपारी मी पडले होते, एका कानात हा वाचत होता. दुसऱ्या कानात कपाटाचं दार वाजलं. सपातांचा फटफट आवाज. उंच आकृती. मी याला थांब म्हटलं आणि गप्प पडून राहिले. संध्याकाळी त्याला एकट्याला बोलावून सांगितलं, 'सकाळपर्यंत जागेवर ठेव, मी कुणाला सांगणार नाही.' सुनेच्या माहेरचा मुलगा, चारचौघांत कशाला शोभा? आज विचारलंही, ठेवलंस ना? तर जोरजोरात मान हलवली."

कुणी मेव्हण्याकडे पाहिले नाही. सगळ्यांची नजर त्याच्या पायांतल्या सपातांवर होती.

"मी... आईंना काहीतरी भास..." तो पुटपुटला.

भाच्याने पॉवर बँक उचलली, हातात तोलली; तीही पेटीसारखीच हलकी लागली. त्याने ती आईकडे दिली. ताईने ती कानाशी नेली. रोज वाचन ऐकायच्या, उजव्या. घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. हळूहळू तिचा चेहरा बदलला. यजमान आजारी असताना रात्री त्यांच्या छातीला कान लावून ती बसायची, तसा.

"चालतंय," ती म्हणाली. "काल किल्ली दिली होती ना मी. अजून चालतंय."

झाकण सहज निघाले. आतल्या बॅटऱ्या काढून टाकलेल्या होत्या, आणि त्यांच्या जागी, मोज्यात गुंडाळलेले घड्याळ होते.

मेव्हण्याने दोन्ही हातांत तोंड झाकले. "नोकरी गेलीय गं माझी," तो बहिणीला म्हणाला. "कधीच गेलीय. बॅगेत आहे तो सगळा परत आलेला, बंद पडलेला माल आहे. सांगायची हिंमत नव्हती."

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी होते, पण तिने ते पुसले नाही. "नोकरी गेल्याचं मला सांगितलं असतंस तर मी रागावले असते. दुसरं काय केलं असतं? आणि तू या बाईला जिन्यात बसवलंस. सकाळपासून. बघत होतास."

त्या शब्दांपुढे माझे सगळे तर्क फिके होते.

७

ब्यूरोच्या बाईंनी तक्रारीचा कागद भाच्याच्या हातात परत दिला. त्याने तो फाडला. मग तो मावशीसमोर उभा राहिला.

"मावशी, मी... तुमची पिशवी मी..."

मावशीने लोंबणारा रुमाल पिशवीत सारला. "उद्या येते," ती म्हणाली. "आज नाही. आज मला घरी जाऊन रडायचंय."

"या," भाचा म्हणाला. "आणि पगाराचं, किंवा—"

"ते नको आता. उद्या दार तुम्ही उघडा, बस."

दुसऱ्या दिवशी दार त्यानेच उघडले, असे मला सूनबाईने सांगितले. तिचा भाऊ त्याआधीच गेला होता. बंद मालाची बॅग मात्र सूनबाईने ठेवून घेतली होती. मालाची विल्हेवाट मी लावते, आणि तो पुन्हा आला की समोरासमोर बोलू, म्हणाली.

दुपारी मी फोनवर वाचायला बसणार, तोच ताईचा फोन. "आता चोरून कशाला वाचतोस? सगळ्यांना कळलंय. इथेच ये."

गेलो. ताई पलंगावर, मावशी खाली बसून तिच्या पायांना तेल चोळत होती. घड्याळाला नुकतीच किल्ली दिलेली होती आणि ते पेटीत नव्हे, उशाशी होते. मी पुस्तक उघडले. माझे वाचन कुणीतरी समोर बसून ऐकणार, या कल्पनेने ओळी हलू लागल्या.

"थांबा," मावशी म्हणाली. "आजींचं डावं आत्ताच डबीतून काढलंय, घालू दे." तिने हात पुसले, मूठ वळली आणि कालसारखीच माझ्या कानाशी आणली. "वाजतंय ना, मामा?"

मी हसलो आणि मान डोलावली.

मावशी मूठ तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. तिने मूठ उघडली. यंत्र तिच्या दुसऱ्या हातात होते; मूठ रिकामी होती.

"कालच मला शंका आली होती," ती हळूच म्हणाली. "बाईंना लांबून ऐकू आलं, आणि तुमची मान जरा उशिरा हलली."

मी पुस्तकात तोंड खुपसले. ताईने चाचपत हात पुढे केला आणि पुस्तक माझ्या हातातून काढून घेतले.

"अगं," ती मावशीला म्हणाली, "त्या दुकानदाराचा नंबर लाव. या घरात आणखी एक डबी लागणार आहे. आणि वायरीला दोरा दुसऱ्या रंगाचा बांध."